सेल्फ जळला म्हणतील, आधी अर्थिंगची तार बघा

देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी कसं समुद्राकडे ओढतं, हे इथल्या होडीवाल्यांना सांगायला नको. डिसेंबरात तिथेच माझ्या होडीची मशीन, म्हणजे मागे लावलेलं इंजिन, बंद पडली. होडीत आठ पर्यटक, त्यात दोन लहान मुलं. चावी फिरवली की नुसतं ‘टक्’. शेवटी मशीनचं झाकण काढलं, वरच्या चाकाला (फ्लायव्हीलला) दोरी गुंडाळली आणि चौथ्या झटक्याला मशीन लागली. तोवर होडी पार लाटा फुटतात तिथवर गेली होती. आणि हा सेल्फ, म्हणजे चावी फिरवल्यावर मशीन चालू करणारी मोटर, दोनच महिन्यांपूर्वी १४,५०० रुपये मोजून ‘नवा’ बसवलेला.

मशीन जुनी आहे, ४० हॉर्सपॉवरची टू-स्ट्रोक. पावसाळाभर होडी वर काढलेली असते. ऑक्टोबरात पाण्यात उतरवली, तर सेल्फ घेईना. सीझन तोंडावर, बुकिंगं आलेली. धक्क्यावर येणाऱ्या एका मेकॅनिकला दाखवली. त्याने मीटर काढला नाही, एक तार हलवून पाहिली नाही. चावी मारली, ‘टक्’ ऐकलं आणि म्हणाला, “आर्मेचर (सेल्फच्या आतलं फिरणारं वाइंडिंग) जळलं. ओरिजिनल मागवतो.” जुना सेल्फ काढून घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी चकचकीत करड्या रंगाचा सेल्फ घेऊन आला. बसवला, मशीन एका दमात चालू. जुना सेल्फ भंगारात घेतो म्हणून ५०० रुपये कमी केले, ते मला बरंच वाटलं. बिलाचं विचारलं तर म्हणाला, बिलाने जीएसटी वाढेल. मी गप्प बसलो.

डिसेंबरातल्या त्या प्रसंगानंतर मावसभावाला बोलावलं. तो ट्रॉलरवर इंजिनाचं काम करतो. त्याने आधी झाकण काढून पेट्रोलचा वास जाऊ दिला, गिअर न्यूट्रलला घेतला, मशीन चुकून चालू होऊ नये म्हणून किल स्विचची दोरी काढून ठेवली. मग बॅटरी मोजली: १२.६ व्होल्ट. मला चावी धरून ठेवायला सांगितलं, तरी काटा ११.८च्या खाली येईना. तो म्हणाला, आतून शॉर्ट झालेला किंवा जाम झालेला सेल्फ बॅटरीला पार खाली खेचतो. इथे पुरेसा करंट सेल्फपर्यंत पोचत नसावा.

पुढची तपासणी प्रत्येकाने शिकून घ्यावी अशी आहे. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि चावी मारायची. तार चांगली असेल तर आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. माझ्याकडे जवळजवळ ३ आला. त्याने अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनला जाणाऱ्या तारेचं रबर टोकापासून सोललं, तर आतलं तांबं काळं-हिरवं पडून भुगा झालेलं. खारं पाणी तारेच्या आत वर चढत जातं, बाहेरून काही दिसत नाही. मेकॅनिकने सेल्फ बसवताना या तारेचा बोल्ट आवळला असणार, म्हणून दोन महिने निभावलं.

नवी तार आणि तिच्या टोकाचे लग मिळून ९०० रुपये गेले, मशीन लागली. मग भावाने सेल्फही उघडला. आतले कार्बन (ब्रश) निम्म्याहून जास्त झिजलेले. मागच्या झाकणाचे दोन बोल्ट, एक षटकोनी डोक्याचा, दुसरा चपट्या. चार वर्षांपूर्वी गंजलेला बोल्ट तुटला तेव्हा हाताशी होता तो चपटा स्टीलचा मीच घातला होता. रंग नखाने खरवडला, तर खाली माझाच बोल्ट. भाऊ म्हणाला, “अरे, हो तुझोच सेल्फ!”

पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण नवा सेल्फ आहे या भरवशावर मी लोकांची मुलं होडीत बसवत होतो, याचा राग जात नाही. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणतो, बिल दाखव. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, पण माझ्या हातात कागद कुठे आहे?

म्हणून सांगतो, जुना सुटा भाग भंगारात देऊ नका, घरी आणा. सेल्फ काढू देण्याआधी त्याच्या अंगावर खिळ्याने खूण करा आणि फोटो काढून ठेवा. मीटर न लावता ‘जळला’ म्हणणाऱ्याच्या हातात पाना देऊ नका.

गेल्या आठवड्यात भावाने आमच्या धक्क्यावरच्या आणखी दोघांचे सेल्फ उघडून पाहिले. एकाच्या करड्या रंगाखाली जुना गंज निघाला. त्यानेही त्याच माणसाला १३,००० दिले होते.