पाच किलोची वाकळ: चार वर्षांच्या वापरानंतर

हाताने शिवलेली वाकळ, म्हणजे जुन्या कापडांची गोधडी. लांबी साडेसहा फूट, रुंदी चार फूट, वजन ५ किलो २०० ग्रॅम. कापड आमचं, मजुरी १२०० रुपये. मे २०२१ पासून रोज रात्री अंगावर घेतोय.

आधी माझ्याबद्दल सांगतो, नाहीतर वजनाचं एवढं काय ते कळणार नाही. मी ऑटिस्टिक आहे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत आईबरोबर राहतो आणि उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंग करतो. मराठीत आमच्या अवस्थेला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. मी स्वतःत मग्न नसतो, उलट बाहेरचं सगळं एकदम आत शिरतं. २२ मार्च २०२० ला संध्याकाळी पाच वाजता गल्लीत थाळ्या सुरू झाल्या, कुणी शंख फुंकला, कुणी पत्र्याचं पिंप बडवलं. मी आतल्या खोलीत जाऊन कापसाची गादी अंगावर ओढून घेतली. आवाज तेवढाच येत होता, पण दहा मिनिटांत श्वास ठिकाणावर आला. अंगावर सगळीकडून सारखा दाब असला की मला माझं शरीर कुठं संपतं ते कळतं. हे त्या दिवशी समजलं.

लॉकडाऊनमध्ये ओळखीचे म्हणायचे, "तुझं बरं आहे, तुला माणसं नकोच असतात." ते चूक होतं. माझा दिवस ठरलेल्या गोष्टींवर उभा असतो: सकाळी गंगावेशीतून दूध, मग रंकाळ्याची एक फेरी, मग सायकलनं उद्यमनगर. ते सगळं एका रात्रीत गेलं. कुणालाही फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा. एप्रिल २०२१ मध्ये तर किराणा दुकानांची वेळच बदलून सकाळी ७ ते ११ झाली. मी नियम कागदावर लिहून फ्रीजला चिकटवायचो आणि नवीन नियम आला की खोडायचो. तो कागद शेवटी वाचता येईना. मला भीती वाटतेय हे मला कळत नव्हतं. कळायचं ते एवढंच की दात आवळलेत आणि पोट दुखतंय. मग बोट ऑक्सिमीटरमध्ये. ९८. परत ९७. परत ९८. दिवसातून तीस-तीस वेळा.

वजनदार ब्लँकेट ऑनलाईन मिळतात. पण किंमत आमच्या आवाक्यातली नव्हती, आत काचेचे मणी असतात ते कूस बदलली की सरसरतात, आणि त्या महिन्यात गरजेच्या वस्तू सोडून बाकी काही घरपोच येत नव्हतं. तेव्हा आई म्हणाली, "अरे, आपली वाकळ काय हलकी असते का?"

आमचा दूधवाला पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका गावातून येतो. त्याच्या चुलत सासू वाकळा शिवतात. त्याच्याच फोनवरून बोलणं झालं. फोनवर बोलणं मला जड जातं, म्हणून मी आधी अकरा मुद्दे लिहून घेतले होते. मावशींनी पहिलं विचारलं, "वजन किती पायजे, बाळा?" कशाला पाहिजे हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. मी म्हटलं, पाच किलो. साधारण आपल्या वजनाचा दहावा हिस्सा घेतात, माझं वजन ५६. गाठी सगळ्या आत गेल्या पाहिजेत, त्या टोचतात. कोपऱ्यात कापडी फुली नको. नायलॉन एक चिंधीसुद्धा नको. डांबरगोळीचा वास असलेलं कापड आधी दोनदा उन्हात टाका. मावशी प्रत्येक मुद्द्याला "बरं" म्हणत गेल्या. असं ऐकून घेणं मला दवाखान्यातही फार वेळा मिळालेलं नाही.

दुधाच्या कॅनबरोबर आमचं गाठोडं गेलं: आजीची दोन लुगडी, आईच्या सुती साड्या, दोन जुन्या सोलापुरी चादरी. चादरी मध्ये घालून त्यांनी वजन आणलं. तेवढ्या थरांतून साधी सुई जाईना तेव्हा दाभण घेतलं. सतरा दिवस लागले. दूधवाल्यानं ताणकाट्याला अडकवून फोटो पाठवला, काटा पाचच्या जरा पुढं होता. वाकळ मोटारसायकलवर मागं बांधून आली.

टाक्यांच्या लांबीभर ३६ ओळी आहेत, दोन-दोन बोटांच्या अंतरावर. अंधारात मी त्या बोटानं मोजतो. मे महिन्यात आई पॉझिटिव्ह आली आणि माडीवर एकटी राहिली. मी खाली. रात्री सीपीआर या सरकारी दवाखान्याकडं जाणाऱ्या रुग्णवाहिकांचे सायरन. त्या अकरा रात्री मी वाकळ छातीपासून पायापर्यंत घेऊन ओळी मोजल्या, दर तासाला जिन्यातून आईला हाक मारली, तिनं "आहे रे" म्हटलं की परत पहिल्या ओळीपासून. मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटणं, दोनदाच झालं. आई घरीच बरी झाली.

झोप वाढेल असं मात्र समजू नका. ब्रिटनमध्ये ऑटिस्टिक मुलांवर झालेल्या २०१४ च्या अभ्यासात वजनदार पांघरुणानं झोपेचे तास वाढले नाहीत. तरी मुलांना आणि पालकांना तेच पांघरूण जास्त आवडलं. माझंही तसंच आहे, झोप तेवढीच लागते, जागेपण सोसवतं. टेंपल ग्रँडिन या अमेरिकन ऑटिस्टिक प्राध्यापिकेनं जनावरांचा खोडा बघून स्वतःसाठी दाब देणारं यंत्र बनवलं होतं. आपल्याकडं ज्यांनी खोड्यात म्हैस शांत होताना बघितली असेल त्यांना हे पटकन कळेल.

लहान मुलांना असलं पांघरूण घालू नका. ज्याला ते स्वतःहून बाजूला सारता येत नाही त्याच्यावर तर कधीच नको. कॅनडात २००८ मध्ये असं एक मूल दगावलं होतं. दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा.

धुणं हा मोठा तोटा. ओली वाकळ एकट्याला उचलत नाही, दोघांनी पिळावी लागते आणि उन्हातही तीन दिवस वाळत राहते. पावसाळ्यात धुताच येत नाही. मे महिन्यात पंखा पूर्ण लावून कमरेपर्यंतच घेतो. पाचपैकी साडेचार.

मावशींचा नंबर इथं देत नाही, त्यांचा स्वतःचा फोन नाही म्हणून. पण कोल्हापूरच्या आसपास वाकळ शिवणाऱ्या बायका अजून गावागावात आहेत, तुमच्या दूधवाल्याला विचारून बघा. वजन, गाठी, वास, हे तीन आधी सांगा.

दुसरी वाकळ शिवायला टाकली आहे, पहिली वाळेपर्यंत अंगावर घ्यायला. यात आईची निळी इरकली आहे. तिचा काठ डोक्याकडच्या बाजूला ठेवायला सांगितलाय, म्हणजे दिवा न लावता वरची बाजू हाताला कळेल.