आधी 'घरात काय हाय?' विचारणारं माशांचं दुकान

चार स्टार देतोय. पाचवा का कापला ते खाली येईलच, पण आधी माझा गाढवपणा सांगतो म्हणजे या दुकानाची किंमत कळंल.

पोरीनं दोन वर्षं मासे पाहिजेत मासे पाहिजेत करून डोकं खाल्लेलं, वाढदिवस आला तसा मी एक दिवस कोल्हापूरच्या उद्यमनगरातनं कामावरनं सुटल्यावर वाटेतल्या एका दुकानात शिरलो (हे नव्हे, दुसरं, नाव घेत नाही) आणि म्हणलं एक मस्त टँक द्या सगळं सेट करून. त्यानं दोन बाय एक बाय एक फुटाचा टँक, निळे खडे, प्लॅस्टिकचं झाड, बुडबुडे सोडणारा कवटीचा सांगाडा आणि वर 'मिक्स माल' दिला. मिक्स माल म्हणजे दोन गोल्डफिश, दोन एंजल, पाच टायगर बार्ब, गप्पीची एक जोडी, दोन काळे 'शार्क' आणि एक सकर, 'हा घाण खातो, टँक धुवायलाच लागत नाही.' मी पण खूश, घरी आणलं, नळाचं पाणी भरलं, पिशव्या फोडल्या, केक कापला.

तिसऱ्या दिवशी नर गप्पीची शेपटी गायब. मग बार्बांनी एंजलच्या खालच्या लांब दोऱ्या कुरतडल्या, एंजल कोपऱ्यात तोंड घालून उभी. आठवड्यानं पाणी दुधासारखं, गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, दुकानदाराला फोन केला तर म्हणतो निळं औषध टाका. टाकलं. पंधरा दिवसांत टँकमध्ये सकर, दोन शार्क, एक एंजल आणि ते पाच गुंड बार्ब, एवढेच शिल्लक. पोरगी दररोज सकाळी उठून आधी मोजायची आणि मग शाळेला जायची. आम्ही शाळेत असताना भिंतीवर 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' वाचत मोठे झालो, गटारीत आणि हौदात जगणारा मासा माझ्या घरात आठ दिवस टिकला नाही म्हणजे बघा.

मग कामावरच्या एकानं राजारामपुरीतलं हे दुकान सांगितलं. गेलो. म्हणलं मामा, गप्पी द्या दोन जोड्या आणि ते चमकणारे निळे-लाल निऑन द्या दहा. मामांनी जाळी उचलली सुद्धा नाही. 'टँक केवढा? पाणी कुठलं? किती दिवस झाले चालू करून? आत काय हाय?' मी सांगत गेलो तसा त्यांचा चेहरा बदलत गेला, आणि सगळं ऐकून म्हणाले, 'आज काय मिळणार नाही.' खरं सांगतो राग आला. रोख पैसे घेऊन उभा राहिलेल्या गिऱ्हाइकाला कोल्हापुरात कोण नाही म्हणतं का? पण मग त्यांनी स्टूल पुढं सरकवलं आणि अर्धा तास माझी शाळा घेतली, मागं तीन गिऱ्हाइकं ताटकळत उभी असताना.

त्या अर्ध्या तासातलं जेवढं आठवतंय तेवढं लिहितो, कारण मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरेच मासे वाचले असते.

पहिलं म्हणजे टँक मुरावा लागतो. लोणच्यासारखा. माशांच्या घाणीतनं आणि उरलेल्या खाद्यातनं अमोनिया होतो, तो विष. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषच, आणि मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते बऱ्यापैकी चालतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की कमी होतं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. माझा टँक पहिल्या दिवशी कोरा होता, त्यात मी गोल्डफिशसारखे बदाबदा घाण करणारे दोन प्राणी सोडले. म्हणजे पाणी दुधासारखं झालं ते औषध कमी पडलं म्हणून नव्हतंच. वर मी काय केलं तर स्पंज काढून नळाखाली खसाखसा धुतला, म्हणजे क्लोरिननं उरलेसुरले जिवाणू पण मारले! मामांनी कपाळाला हात लावला. आता टँकमधलंच बादलीभर पाणी काढून त्यात स्पंज पिळतो.

दुसरं, कोण कुणाबरोबर. मी समजत होतो की मासा म्हणजे मासा, सगळे पाण्यात राहतात, झालं. तसं नाही. गोल्डफिशला गार पाणी लागतं, १८ ते २२ डिग्री, गप्पी आणि एंजलला २५ च्या आसपास, मग दोघांना एकात ठेवलं की कुणीतरी एक कायम आजारी. शिवाय गोल्डफिश मोठा किती होतो बघा, साधा लांब शेपटीचा कॉमेट फूटभर जातो, लोक त्याला काचेच्या वाडग्यात ठेवतात. एंजल दुकानात रुपयाएवढी दिसते पण वाढून हाताच्या तळव्याएवढी होते, आणि मी जे दहा निऑन मागत होतो ते तिच्यापुढं टाकले असते तर, मामांच्या भाषेत, 'जो तोंडात मावतो तो शेजारी नसतोय, नाष्टा असतोय.' टायगर बार्ब पाच-सहापेक्षा कमी ठेवले की आपापसात भांडायचं सोडून दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडत फिरतात, आठ-दहा ठेवले तर बरेचसे एकमेकांतच दंगा करत बसतात, पण तरी लांब झालरीच्या माशाबरोबर नकोच, म्हणजे एंजल, गप्पी, फायटर यांच्यासोबत नाहीच. दोन फायटर नर एकत्र तर विषयच नाही.

आणि ते काळे शार्क! ते शार्क नव्हेतच, मागुरासारखे मिशावाले आहेत, हॉटेलात बासा म्हणून जे फिलेट मिळतं त्याच कुळातले, मोकळ्या पाण्यात तीन फुटांच्या वर जातात. माझा टँक दोन फुटांचा. मी ऐकून हसलो, मामा हसले नाहीत.

सकर पण तसाच. फूट-दीड फूट होतो आणि 'घाण खातो' हे खोटं, तो थोडं शेवाळ खातो आणि स्वतःच ढीगभर घाण करतो, वाढला की शेवाळ पण सोडून देतो. सासूबाई म्हणत होत्या रंकाळ्यात सोडून या, बिचारा जगंल तरी. जगंल हो, पण दुसऱ्यांना जगू देणार नाही. उजनी धरणात हाच सकर माजलाय, जाळी फाटतात म्हणून मच्छीमार बोंबलतात, असं कधीतरी पेपरात वाचलेलं ते तिथं आठवलं. मामांनी माझा सकर, दोन्ही शार्क, बार्ब आणि उरलेली एंजल परत घेतली, पैसे दिले नाहीत आणि मी मागितले पण नाहीत. त्यांच्याकडं मागं मोठा टँक आहे, अशा फसलेल्या लोकांचे मासे तिथं असतात.

मग म्हणाले येताना बाटलीभर पाणी घेऊन या, ज्यानं टँक भरणार तेच. आमच्यात नळाला पाणी आलं तर आलं, बाकी अपार्टमेंटची बोअर, मी बोअरचं नेलं. त्यांनी पट्टी बुडवली, दोन थेंब टाकून रंग बघितला, पाणी जड, म्हणजे क्षाराचं, निघालं आणि पीएच आठच्या जवळ. इथं मला हे दुकान खरं आवडलं, कारण निऑन त्यांच्याकडं समोर पोहत होते, दीडशे रुपये सहज मिळाले असते, पण निऑनला हलकं पाणी मानवतं म्हणून तुमच्या बोअरला ते नकोत म्हणाले. जड पाण्यात गप्पी, प्लॅटी, मोली खूश असतात. मोली माझ्या टँकला जरा मोठी पडते. गप्पीची जोडी घेतली तर महिन्याभरात पिल्लं, पुन्हा महिन्याभरात पिल्लं, आणि मादी एकदा नराबरोबर राहिली की नंतर एकटी ठेवली तरी कित्येक महिने पिल्लं देत राहते, म्हणून फक्त नर घ्या, रंग पण नरालाच असतोय.

शेवटी ठरलं ते असं. त्यांनी त्यांच्या चालू फिल्टरचा जुना स्पंज माझ्या फिल्टरच्या पेटीत कोंबायला दिला, म्हणजे विरजण. तरी तीन आठवडे थांबायला लावलं, मधेच पाणी तपासून घेतलं. मग आधी सहा झेब्रा डॅनिओ, चिवट मासा, आपल्याकडच्याच ओढ्यानाल्यांतला, पण सारखा पळत असतो त्यामुळं टँकला झाकण पाहिजे, उडी मारतो. पंधरा दिवसांनी पाच नर गप्पी. त्यानंतर महिन्यानं तळाला सहा कोरी (कोरिडोरस, तळाला राहणारे छोटे मिशावाले मासे), त्यासाठी निळे खडे काढून बारीक वाळू घातली कारण कोरी मिशा वाळूत खुपसून खातात आणि टोकदार खड्यांनी त्या झिजतात. वर गप्पी, मधे डॅनिओ, खाली कोरी, कुणी कुणाच्या तोंडात मावत नाही. हीटर २५ वर, कारण डिसेंबरात इथं पहाटेला चांगलाच गारठा पडतो आणि काचेचा टँक खोलीबरोबर गार होतो. सहा महिने झाले, एक डॅनिओ गेला, बाकी सगळे आहेत. पोरगी म्हणते, 'पप्पा, मी आता मोजत नाही.'

एका इंचाच्या माशाला चार लिटर पाणी, हे गणित पण मी कुठंतरी वाचून त्यांना ऐकवलं होतं. माझ्या टँकमध्ये वाळू वगैरे जाऊन जेमतेम पन्नास लिटर. मामा म्हणाले मग दहा इंचाचा एक ऑस्कर ठेवतोस का चाळीस लिटरात? तो वळणार कसा? बारीक माशांना ठीक आहे ते गणित, मोठा मासा लांबीबरोबर रुंद आणि जाड पण होतो, घाण त्याच्या कितीतरी पट.

आता तक्रारी. भाव इतरांपेक्षा जास्त आहे, गप्पीमागं दहा-पंधरा रुपये सहज. त्याचं कारण म्हणजे नवीन माल आठ-दहा दिवस मागं ठेवून मगच विकतात, पांढरे ठिपके आलेला मासा पुढं येत नाही, तरी ज्याला भावातच बघायचं त्याला टोचंल. व्हरायटी कमी. फ्लॉवरहॉर्न, अरोवाना मागायला गेलात तर तोंड वाकडं करतात, आणि ते गुलाबी-हिरवे रंगवलेले विडो टेट्रा अजिबात ठेवत नाहीत, तो रंग वरून चढवलेला असतो आणि काही महिन्यांत उतरतो. दुकानात अंधार, फोन उचलत नाहीत. मला दिलेल्या दोन झाडांपैकी एक आठवड्यात सडलं, विचारलं तर म्हणाले कोवळं होतं, चालायचंच. मला ते चाललं नाही, ऐंशी रुपये गेले. आणि घाईत असाल तर जाऊच नका, पुढच्या माणसाची शाळा चालू असते आणि तुम्ही पिशवी धरून उभे. पाचवा स्टार इथं गेला.

मागच्या आठवड्यात पोरीला मिस केरळ आवडला, लाल-काळी रेघ असलेला, केरळातल्या सह्याद्रीच्या नद्यांतला. सुंदर मासा आहे, मला पण हवासा वाटला. मामा म्हणाले हा साडेचार-पाच इंच होतो, सहाचा घोळका लागतो, चार फुटी टँक आणा मग बोलू. पोरगी म्हणाली, 'मी पैसे साठवतो.' बायको माझ्याकडं बघत होती, मी वाळूच्या पिशव्या बघत होतो.

गेलात तर टू-व्हीलरवर जा, चारचाकी लावायला जागा नाही. दुपारी गर्दी नसते. पाण्याची बाटली विसरू नका, आणि पिशवी घरी आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवा, मग मासा जाळीनं उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. यूपीआय चालतं.