रोड बाईकला हलका गिअर हवाय: मागची कॅसेट बदलू की पुढचा क्रँक?

चढावर सगळ्यात हलका गिअर आधीच पडलेला असतो तरी बोट शिफ्टरवर जातंच, चुकून अजून एक शिल्लक असेल म्हणून. हे नेहमीचं झालं असेल तर पुढचं वाचा.

क्रँक म्हणजे पेडलचे दांडे आणि त्यांच्या दातेरी रिंगा, कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच. आधी हिशोब. पुढचे दात भागिले मागचे दात, उत्तर जितकं लहान तितका गिअर हलका. पुढे ५०/३४ कॉम्पॅक्ट (५० आणि ३४ दातांच्या दोन रिंगा) आणि मागे ११-२८ (सगळ्यात लहान चकती ११ दातांची, सगळ्यात मोठी २८ ची) असेल तर ३४/२८ म्हणजे १.२१. मागे ३२ टाकलं की १.०६, ३४ टाकलं की बरोब्बर १. आता मागे २८च ठेवून पुढे ३० टाकलं तर १.०७, म्हणजे जवळपास मागच्या ३२ एवढंच. मिनिटाला ६० वेळा पाय फिरवायचे तर १.२१ ला साधारण ९ चा स्पीड ठेवावा लागतो आणि १ ला साडेसातचा, ऐकायला किरकोळ वाटतं पण चढावर उभं राहून ढकलायचं की बसून जायचं ते यातच ठरतं.

कॅसेट बदलणं सोपं, पण मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) केज, म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा हात, बघितल्याशिवाय घेऊ नका. शिमानोच्या १०५ आर७००० या रोड डिरेलरचा शॉर्ट केज ३० दातांपर्यंतच आहे, मीडियम केज ३४ पर्यंत. त्याच्या आधीच्या ५८०० ला हेच २८ आणि ३२. शिवाय कॅपॅसिटी असते: ५०/३४ चा फरक १६, ११-३४ चा २३, बेरीज ३९, तेवढी ढिली चेन केजला ओढून धरता आली पाहिजे. आणि चेन. मी एकदा जुनीच चेन ठेवून मोठी कॅसेट बसवली, स्टँडवर सगळं मस्त चाललं, मग रस्त्यात चुकून मोठं-मोठं पडलं आणि डिरेलर पुढे ताणून सरळ झाला, नशीब, डिरेलर ज्याला अडकवतात तो फ्रेमवरचा हँगर वाचला. पुढचं मोठं आणि मागचं मोठं यावरून चेन फिरवून लांबी मोजायची, डिरेलरमधून न घेता, वर दोन लिंक.

११-स्पीडच्या (मागे ११ चकत्या) ११-३४ मध्ये ११-१३-१५-१७-१९ असे दात येतात, १२, १४, १६ गायब. सपाट रस्त्यावर ग्रुपमध्ये एक गिअर जड आणि पुढचा हलका असं होत राहतं, ज्यांना ठरावीक लयीत पाय फिरवायची सवय आहे त्यांना हे खुपतं, मला आठवड्याभरात कळेनासं झालं. शिमानोची एचजी८०० ११-३४ कॅसेट रोडच्या ११-स्पीड फ्रीहबवर (चाकाचा कॅसेट बसते तो भाग) बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर (पातळ कडी) लागतो, विसरलात तर कॅसेट आवळणारी लॉकरिंग घट्ट करूनही कॅसेट हलते.

शॉर्ट केजला हँगर एक्स्टेंडर (हँगर लांबवणारा तुकडा) लावून चालवणारे आहेत. चालतं, पण डिरेलर खाली गेल्याने लहान दातांवर शिफ्टिंग सुस्त होतं. मी त्यापेक्षा सरळ मीडियम केज घेईन.

आता क्रँक. ४६/३० चा फायदा म्हणजे मागची जवळजवळच्या दातांची कॅसेट तशीच राहते. ४६/११ ला मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तरी ४७ चा स्पीड येतो, आपल्यातले किती जण त्यापुढे पेडल मारतात? तरीही हे काम किचकट आहे. कॉम्पॅक्टच्या ११० बीसीडीवर (रिंगचे बोल्ट ज्या वर्तुळावर असतात त्याचा मिमीमधला व्यास) ३० ची रिंग बसतच नाही, म्हणजे अख्खा क्रँक नवा. जीआरएक्सचा (शिमानोचा ग्रॅव्हल बाईकचा सेट) घेतला तर चेनलाईन, म्हणजे रिंगांचं फ्रेमच्या मध्यापासूनचं अंतर, अडीच मिमी बाहेर जाते, म्हणून पुढचा डिरेलरही जीआरएक्सचा घ्यावा. शिवाय तो डिरेलर खाली आणावा लागतो, ब्रेझ-ऑन फ्रेमवर (पुढचा डिरेलर फ्रेमलाच जोडलेल्या खाचेच्या पट्टीवर बसतो अशी) खाच तेवढी खाली जात नसेल तर तिथेच अडकलात.

ज्यांच्याकडे अजून १३० बीसीडीचा ५३/३९ आहे त्यांनी मात्र आधी क्रँकच बघा, त्यावर ३८ च्या खाली जाताच येत नाही, आणि कॉम्पॅक्ट टाकला की ३९/२८ चं १.३९ थेट १.२१ वर येतं. शिमानोचे जुने ८, ९, १० स्पीड रोड शिफ्टर असतील तर ९-स्पीड एमटीबीचा (माउंटन बाईकचा) मागचा डिरेलर त्यांच्याशी जुळतो आणि ३४ आरामात घेतो. शिमानोचाच टियाग्रा ४७०० याला अपवाद, तो १०-स्पीड असला तरी त्याची केबल ओढ (एका क्लिकला केबल किती ओढली जाते ते) वेगळी आहे, त्यावर हा जुगाड करू नका.

बाकी कॉम्पॅक्टवाल्यांनी आधी कॅसेट, लागला तर केज. १ चा गिअर लावूनही दम निघत असेल तर मग ४६/३०, ११-३४ बरोबर ते ०.८८ होतं, तिथे बाईक इतकी हळू चालते की हँडल सरळ धरणं हेच काम होऊन बसतं.