फॉरेक्स कार्ड, नऊ महिने आणि माझे ११ युरो ३५ सेंट

काल बँकेचा मेसेज आला. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरून ठेवायचं कार्ड, सहा महिने वापरलं नाही म्हणून ३ युरो कापले. ११.३५ शिल्लक होती, आता ८.३५. म्हणून लिहायला बसले.

कार्ड एका मोठ्या खाजगी बँकेचं, नाव घेत नाही. गेल्या एप्रिलमध्ये लेकीकडे म्युनिकला तीन महिने राहायला जायचं होतं तेव्हा घेतलं. त्यात १५०० युरो भरले. त्या दिवशी गुगलवर भाव होता ९६, बँकेने लावला ९८.४०. म्हणजे ३६०० रुपये तिथेच गेले. वर जीएसटी २२३. हे म्हणाले, "जाऊ दे गं, टीसीएस तरी नाही लागला." टीसीएस म्हणजे परदेशी चलन घेताना बँक आगाऊ कापून घेते तो कर, तो दहा लाखांच्या वर लागतो. आमचे दहा लाख एका जागी कधी दिसलेत?

कार्ड चालतं कसं, तर छान चालतं. सुपरमार्केट, ट्रेन, औषधांचं दुकान, कुठेही अडलं नाही. पण जर्मनीत रोख लागतेच. लेकीच्या घराखालचा बेकरीवाला कार्ड घेतच नाही, दारावरच तशी पाटी. मग एटीएम. दर वेळी पैसे काढले की २ युरो कापले जात.

आता बाटल्यांचं सांगते. तिकडे पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की चिठ्ठी मिळते, ती काउंटरवर दिली की पैसे परत. जावई पाण्याचे क्रेट आणतो आणि रिकाम्या बाटल्या बाल्कनीत रचून ठेवतो. त्या परत करायचं खातं मी माझ्याकडे घेतलं. त्यामुळे मला सगळं बाटल्यांतच दिसायला लागलं. एटीएममधून एकदा पैसे काढले की आठ बाटल्या. लेक म्हणाली, "आई, अगं सोड ना, मी देते कॅश." लेकीकडून पैसे घ्यायचे? मग एकदाच २०० काढून पुरवून पुरवून वापरले.

जूनमध्ये बसने प्रागला गेलो. झेक लोक युरोपीय संघात असले तरी त्यांचं चलन कोरुना आणि माझ्या कार्डात कोरुना भरायची सोय नाही. त्यामुळे प्रत्येक खरेदीवर साडेतीन टक्के जादा. हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते पुढचं. एका दुकानात काचेचा वाडगा घेतला, १४५० कोरुनांचा. मशीनने विचारलं, रुपयांत देणार की कोरुनांत? परक्या मुलखात रुपया दिसला की माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं हो. दाबलं रुपये. ॲपमध्ये बघते तर ६४ युरो गेलेले. आधी मशीनवाल्याने आपल्या भावाने कोरुनांचे रुपये केले, मग कार्डात रुपये नाहीत म्हणून बँकेने त्याचे पुन्हा युरो केले. दोघांनी हात मारला. कोरुना दाबलं असतं तर साडेतीन टक्के धरूनही साडेसाठात भागलं असतं. चौदा बाटल्या. वाडगा सुंदर आहे, पण त्यात शिकरण वाढताना मला अजून ते मशीन आठवतं.

वैतागून म्हटलं कार्डच नको. जवळचे रोख १०० युरो बदलायला मनी एक्स्चेंजच्या खिडकीवर गेले. बाहेर मोठ्या अक्षरांत कमिशन ० टक्के. हातात पडले २०५० कोरुना. त्या दिवशीच्या भावाने २४८०च्या आसपास व्हायला हवे होते. कमिशन शून्य, पण भावच पाडलेला. जवळजवळ सत्तर बाटल्या! लेकीने मात्र कमाल केली. २०१९पासून तिथे कायदा आहे म्हणाली: १००० युरोपर्यंतचा व्यवहार असेल तर तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती जपून ठेवलेली होतीच (मी पावत्या फेकत नाही, हे हसतात). आम्ही चाळीस मिनिटांत परत. खिडकीतल्या माणसाने तोंड वाकडं केलं, पण माझे १०० युरो पुरेच्या पुरे परत दिले. तीन महिन्यांतला सगळ्यात आनंदाचा क्षण, किल्ले-राजवाडे गेले खड्ड्यात.

इथे मला माझं एक मत मागे घ्यायला हवं. ९८.४०चा भाव म्हणजे लूट, असं मी महिनाभर सगळ्यांना सांगत होते. पण जुलैत परत आलो तेव्हा युरो शंभराच्या पुढे गेला होता. शेजारचे जोशी त्याच सुमारास टूरवर क्रेडिट कार्ड घासत फिरले. त्यांना वरचे साडेतीन टक्के, त्यावर जीएसटी, असा एकेक युरो १०४च्या घरात पडला. मी एप्रिलच्याच भावात खर्च करत होते. तेव्हा कार्डाला त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

पण मग हे ११ युरो ३५ सेंट! पंचेचाळीस बाटल्या. ऑगस्टमध्ये शाखेत गेले. मुलगा म्हणाला, "काकू, फॉर्म भरा, पासपोर्टची झेरॉक्स लागेल, आणि भाव आमचा खरेदीचा लागेल." शिवाय परताव्याचं शुल्क वेगळं. हिशोब केला तर हातात जेमतेम नऊशे. म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी जाऊच. सहा महिन्यांनी दंड लागतो हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उरलेल्या नोटांचं तसं नाही, २००० डॉलरपर्यंतच्या किमतीच्या परदेशी नोटा पुढच्या प्रवासासाठी घरात ठेवता येतात. माझ्या ४० युरोच्या नोटा कपाटात निवांत आहेत. नाणी मात्र इकडे कुणी बदलून देत नाही. ती मेतकुटाच्या रिकाम्या बरणीत आहेत, ६ युरो ८०.

आज पुन्हा शाखेत गेले होते, येऊन-जाऊन रिक्षाचे १२० रुपये. फॉरेक्सच्या मॅडम रजेवर, सोमवारी या म्हणाले. सोमवारी बसने जाईन.