अंक्टाडचं इन्व्हेस्टमेंट पॉलिसी हब: फुकट आणि कामाचं

अंक्टाड म्हणजे संयुक्त राष्ट्रांची व्यापार आणि विकास संस्था. देशादेशांतले परकीय गुंतवणुकीचे करार शोधायला मी तिची हीच वेबसाइट उघडते. पैसे नाहीत, लॉगिनची कटकट नाही. भारत निवडला की करारांची यादी समोर. कुठला चालू, कुठला रद्द, लगेच कळतं. खरी मजा खटल्यांत. व्हाइट इंडस्ट्रीजचंच घ्या. ही ऑस्ट्रेलियन कंपनी. कोल इंडियाशी वाद, आपल्या कोर्टांत वर्षानुवर्षं तारखांवर तारखा. कंपनीने भारत-ऑस्ट्रेलिया करारातल्या ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ या कलमाचा (म्हणजे इतर देशांच्या गुंतवणूकदारांना दिलेली चांगली वागणूक आम्हालाही द्या) आधार घेत भारत-कुवेत करारातलं संरक्षण उचललं (वकिलाचं डोकं बघा!) आणि २०११ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय लवादात हरला. भारताच्या २०१६ च्या नमुना करारातून (पुढच्या करारांचा साचा) ते कलमच गायब. वर लवादात जाण्याआधी किमान ५ वर्षं इथल्या कोर्टांत दाद मागायची अट. ऑस्ट्रेलियाचा करार आणि हा नमुना, दोन्ही मजकूर शेजारी-शेजारी उघडून वाचा. इंग्रजी वकिली आहे, चहा जवळ ठेवा.