एटीव्हीची विंच बंद पडली: सोलेनॉइड बदलायचं, मोटार खोलायची की सरळ नवी घ्यायची?

ऑगस्टचा दुसरा आठवडा होता, संत्र्यात आंबिया बहाराची फळगळ सुरू झालेली, फवारणी आजच मारायची म्हणून शंभर लिटरची टाकी मागे बांधून निघालो आणि पांदण रस्त्यात एटीव्ही, म्हणजे जाड टायरची हँडलवाली छोटी चारचाकी, पोटापर्यंत बसली. काटोलकडची काळी कन्हार ज्यानं पाहिली त्याला सांगायला नको, उन्हाळ्यात भेगांत हात जातो आणि पावसाळ्यात तीच माती फुगून चाकाला अशी धरते की सोडतच नाही. गाडीच्या विंचचा, म्हणजे बॅटरीवर दोर गुंडाळून गाडी ओढणाऱ्या मोटारीचा दोर काढला, बांधावरच्या बाभळीला पट्टा गुंडाळला, बटण दाबलं तर नुसतं टक्क. परत दाबलं, परत टक्क, मोटार काही हलेना. शेजारच्या शेतातले काका म्हणाले, "भाऊ, बैलं आनू का?" आणि शेवटी बैलजोडीनंच गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दुकानात दाखवली तर त्यानं न खोलताच सांगितलं की विंच गेली, हे दुरुस्त होत नसतं, नवी टाका. मी जवळपास पैसे देऊनच आलो होतो, पण घरी येऊन म्हटलं एकदा बघू तर खरं. मोटार एकदम ठणठणीत होती, खराब होतं ते सोलेनॉइड, म्हणजे बटण दाबलं की मोटारीला मोठा करंट जोडून देणारा स्विच, आणि बॅटरीच्या वायरीच्या टोकाचं एक हिरवं पडलेलं थिंबल. तेव्हापासून ओळखीच्या तीन-चार जणांच्या विंच खोलून पाहिल्या, त्यातून जे कळलं ते लिहितो, कारण पावसाळ्यात हा निर्णय घाईत घ्यावा लागतो आणि घाईत माणूस नवीच घेऊन मोकळा होतो.

आधी एक गोष्ट. दुरुस्ती की नवी हा प्रश्न तपासणी केल्याशिवाय विचारूच नका, आणि तपासणी दहा-पंधरा मिनिटांची आहे. पहिले बॅटरी. गाडी बंद असताना मीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, आणि बटण दाबल्यावर १० च्या खाली घसरत असेल तर एकतर बॅटरीच गेली आहे नाहीतर मोटार आतून जाम आहे, म्हणून दुसरी चांगली बॅटरी जोडून पाहा म्हणजे कळेल. एटीव्हीची बॅटरी छोटी असते आणि विंच लोडवर शंभर-दीडशे अँपिअर किंवा त्याहून जास्त करंट ओढते, गाडीचं चार्जिंग त्याच्या जवळपासही जात नाही, म्हणजे सगळा भार बॅटरीवरच. बटण दाबल्यावर टक्-टक्-टक्-टक् असा सलग आवाज येत असेल तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय आणि सोलेनॉइड धरून सोडून धरून सोडून राहिलं असं समजा.

एकच टक्क येऊन मोटार शांत असेल तर सोलेनॉइडला सिग्नल पोचतोय पण पुढं करंट जात नाही. टक्कही येत नसेल तर बारीक वायरीकडं वळा, चावी चालू केल्यावर करंट येणारी वायर, फ्यूज, हँडलवरचं बटण, अर्थिंग. हे बटण चिखलपाण्यात सगळ्यात आधी खराब होतं आणि स्वस्तात बदलतं.

आता खरी कसोटी. विंचचा क्लच फ्री करा म्हणजे ड्रमवर (ज्यावर दोर गुंडाळतो) लोड राहणार नाही, मोटारीच्या दोन मोठ्या टर्मिनलवरच्या वायरी काढा (बहुतेक विंचमध्ये निळी आणि पिवळी असतात, फोटो काढून ठेवा) आणि जंपर केबलनं बॅटरीचा करंट थेट मोटारीला द्या. फिरली तर मोटार चांगली, दोष सोलेनॉइडमध्ये नाहीतर वायरीत. प्लस-मायनस उलटं केलं की उलटी फिरायला पाहिजे. हे दोन टर्मिनलवाल्या परमनंट मॅग्नेट मोटारीचं सांगतोय, एटीव्हीवर बहुतेक तीच असते. तीन टर्मिनल असतील तर ती सिरीज वाउंड मोटार, तिची जोडणी वेगळी आहे, माहिती नसताना अशी टेस्ट करू नका. बॅटरीकडच्या टोकाला ठिणगी पडते म्हणून पेट्रोलची कॅन लांब ठेवा आणि हात ड्रमपासून दूर.

यातून तीन वाटा निघतात.

सोलेनॉइड आणि वायरी बदलणं ही सगळ्यात स्वस्त वाट, नव्या विंचच्या किमतीचा छोटासा हिस्सा लागतो आणि एका दुपारचं काम आहे, दहाचा पाना आणि मीटर हाताळता येत असेल तर घरच्या घरी होतं. यातच फसगत कशी होते ते सांगतो. सोलेनॉइडच्या आतले कॉन्टॅक्ट जळलेले असले तरी मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट ओढतच नाही. म्हणून मीटरऐवजी मोटरसायकलचा जुना हेडलाइटचा बल्ब मोटारीच्या वायरींवर लावून बटण दाबा, बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही तर कॉन्टॅक्ट नाहीतर थिंबल खराब. एका दिशेनं चालते आणि दुसऱ्या दिशेनं नाही, हेही जवळपास नेहमी सोलेनॉइड नाहीतर बटणच असतं, मोटार नसते.

सोलेनॉइड खोलून आतले कॉन्टॅक्ट घासून परत लावणारे पण आहेत. मी एकदा केलं, महिनाभर चाललं, पण माझं मत की हे करू नका. कॉन्टॅक्ट कधीकधी एकमेकाला चिकटून जातात आणि मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते, अशा वेळी हुक फेअरलीडमध्ये (दोर जिथून बाहेर येतो ती चौकट) घुसतो नाहीतर दोर तुटतो, आणि जवळ पोरगं उभं असेल तर विचार करवत नाही. म्हणून नवं सोलेनॉइड टाकताना बॅटरीजवळ एक मेन कटऑफ स्विच जरूर बसवा, आणि तो स्विच एवढा करंट झेलणारा पाहिजे, साधा नको. थिंबल दाबून बसवलेले पाहिजेत, वर स्लीव्ह, टर्मिनलवर थोडं ग्रीस, मग दोन-चार पावसाळे काळजी नाही.

दुसरी वाट मोटार खोलण्याची. थेट करंट दिला तरी फिरत नाही, किंवा धक्का दिला की फिरते, किंवा जळका वास येतो, तर मोटार उघडावीच लागते. आणि इथं आपल्याकडचे बरेच लोक चुकीच्या दारात जातात. गावोगावी मोटार रिवाइंडिंगची दुकानं आहेत कारण विहिरीच्या आणि बोअरच्या मोटारी सारख्या जळतात, त्यामुळं साहजिकच विंच पण तिथंच नेली जाते. पण पाणबुडी मोटार आणि विंचची मोटार यांचं नातंच नाही, ती एसी, ही डीसी, तिच्यात कार्बन (घासत करंट पोचवणारे ब्रश) नसतात आणि हिच्यात सगळा खेळच कार्बन आणि आर्मेचरचा, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाचा आहे. विंचच्या मोटारीची सख्खी बहीण म्हणजे गाडीचा सेल्फ. म्हणून ट्रॅक्टर-जीपचे सेल्फ-डायनामो करणाऱ्याकडं न्या, त्याला कार्बन, बुश, आर्मेचर सगळं पाठ असतं आणि त्याच मापाचे कार्बन नाही मिळाले तर सेल्फचे घासून बसवून देतो.

कार्बन झिजलेले असतील तर दुरुस्ती स्वस्तच. आर्मेचरच्या तांब्यावर काळा थर असेल तर बारीक झिरो नंबर पॉलिश पेपर चालतो, एमरी मात्र नको, तिचे कण वीज वाहून नेणारे असतात आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या फटीत बसले की शॉर्ट करतात. आतून लाल गंजाचं पाणी निघालं तर शेवटच्या झाकणाचं सील गेलं आहे, सील न बदलता नुसती साफ करून लावली तर पुढच्या पोळ्यापर्यंतसुद्धा टिकणार नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे मॅग्नेट सुटणं. या मोटारीत मॅग्नेट घराच्या आतून चिकटवलेले असतात, पाणी आणि उष्णता दोन्ही लागली की गोंद सोडतो आणि मॅग्नेट आर्मेचरला जाऊन अडकतो. माझ्या मावसभावाची वर्धेकडं अशीच झाली, नाल्यात गाडी बुडली होती आणि विंच तशीच दोन महिने ठेवली. त्यानं अरलडाइट लावून मॅग्नेट परत बसवले, हलका लोड ओढते, पण भर चिखलात त्याचा तिच्यावर भरवसा नाही आणि माझाही नाही. मॅग्नेट तुटला असेल किंवा आर्मेचर जळलं असेल तर फक्त मोटार वेगळी मिळते का ते विचारा. मिळाली तर गिअर आणि ड्रम जुनेच ठेवता येतात, आणि हा मधला रस्ता मला नव्या विंचपेक्षा बरा वाटतो, कारण माउंटिंग प्लेट, वायरी सगळं तसंच राहतं.

मोटार फिरते पण ड्रम फिरत नाही, तर आधी क्लचची मूठ बघा, कित्येकदा ती फ्रीवरच राहिलेली असते. ती बरोबर असेल तर आतले गिअर किंवा शाफ्ट गेला. बिनकंपनीच्या स्वस्त विंचचे गिअर सुटे मिळणं अवघड, तिथं दुरुस्तीचा नाद सोडलेला बरा.

आता तिसरी वाट, नवी विंच. माझा सरळ हिशोब असा की दुरुस्तीचा खर्च नव्या विंचच्या निम्म्याच्या वर जात असेल तर नवी घ्या. आणि अजून एक कारण, जे लोक लक्षात घेत नाहीत, ते म्हणजे जुनी विंच मुळातच लहान असणं. साधा नियम आहे की विंचची ताकद भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी पाहिजे. माझी गाडी ३५० किलो धरा, मी ७५, पाण्यासकट टाकी १०० च्या वर, म्हणजे सव्वापाचशे-साडेपाचशे किलो, दीडपट केले की ८०० च्या आसपास. २५०० पाउंडाची विंच म्हणजे ११३४ किलो, कागदावर भरपूर वाटते. पण हा आकडा ड्रमवर दोराचा पहिलाच थर असतानाचा असतो, वरच्या थरावर ओढताना ताकद सहज पाव-तीसरा हिस्सा कमी होते, आणि वरून आमची माती चाकाला चिकटून गाडीच्या वजनाइतकाच विरोध आणखी करते. म्हणून काळ्या जमिनीत ३५०० पाउंड, म्हणजे १५८८ किलो, हीच योग्य. मुरमाड टेकडीवर किंवा रेताड नाल्याकाठी २५०० ची चालून जाते. ताडोबाकडं एका मित्राचं रिसॉर्ट आहे, तिथं छोट्या विंचचं सोलेनॉइड दोन पावसाळ्यांत तीनदा जळलं, दरवेळी बदललं, शेवटी मोठी विंच टाकली तेव्हा कटकट थांबली. तेच पार्ट वारंवार जळत असेल तर दोष पार्टचा नाही, मापाचा आहे.

मात्र मोठी विंच म्हणजे करंट जास्त, वायर जाड, आणि बॅटरी तीच राहिली तर परत तोच टक्-टक् आवाज. बजेट थोडं असेल तर मोठ्या विंचऐवजी एक चांगली पुली घ्या, म्हणजे स्नॅच ब्लॉक. दोर झाडावरच्या पुलीतून वळवून परत गाडीला अडकवला की ओढ जवळपास दुप्पट होते, वेग निम्मा होतो आणि दोर जास्त सोडावा लागल्यानं ड्रमवर खालचा थर येतो, म्हणजे फायदा दोन्हीकडून. माझ्या मते आपल्याकडच्या शेतकऱ्यासाठी दुरुस्त केलेली जुनी विंच आणि सोबत पुली ही जोडी नुसत्या नव्या विंचपेक्षा जास्त कामाची आहे.

दोराचं थोडक्यात. लोखंडी तार उन्हाला आणि मुरमाच्या घासणीला टिकते, पण तिचे तुटके काटे हातात घुसतात आणि तुटली तर अंगावर येते. सिंथेटिक दोर हलका, तुटला तरी कमी उसळतो, पण आमच्या ४५ अंशांच्या उन्हात वर्षभर उघडा ठेवला तर खराब होतो, आणि ब्रेक ड्रमच्या आत असलेल्या विंचवर लोड धरून खाली सोडत राहिलं तर ड्रम तापून दोर आतून वितळायला लागतो. गाडी नुसती चिखलातून ओढायची असेल तर सिंथेटिक, वरून कापडी कव्हर, आणि रोलरऐवजी गुळगुळीत अॅल्युमिनियमचं फेअरलीड. तार ठेवणार असाल तर चामड्याचे हातमोजे, ड्रमवर निदान ५ वेढे कायम, आणि ताणलेल्या तारेवर मधोमध ओलं गोणपाट.

विंच दुरुस्त होऊन आली की पहिल्यांदा चिखलात नका नेऊ. अंगणात गाडी न्यूट्रलला ठेवून कडुनिंबाला दोर बांधा, इंजिन चालू ठेवा, पाच-दहा सेकंद ओढा, थांबा, मोटारीला हात लावून बघा, मग परत. हात ठेववत नसेल इतकी तापली तर बुश नाहीतर कार्बन अजून नीट बसले नाहीत, सेल्फवाल्याकडं परत घेऊन जा, फवारणी एक दिवस पुढं गेली तरी चालेल.