डाविंची रिझॉल्व्हचं पॉवर बिन: एक लग्नसराई आणि एक गणेशोत्सव वापरून झाल्यावर

सीमांतपूजन, हळद, मंगलाष्टका, सप्तपदी, पाठवणी. पुण्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा माणूस हे शब्द झोपेतही टाइप करू शकेल. वर स्टुडिओचा लोगो, शेवटची फोन नंबरची पाटी, सनईचा तोच तुकडा. भाद्रपदात मंडळांची कामं आली की सनईच्या जागी ढोल-ताशा, एवढाच फरक. जुनं प्रोजेक्ट उघडून त्यातून टायटल उचलत बसायचा कंटाळा आला, म्हणून डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमधलं पॉवर बिन, म्हणजे एकदा ठेवलेली वस्तू प्रत्येक प्रोजेक्टमध्ये मिळणारा कप्पा, वापरायला लागलो.

मीडिया पूलच्या (प्रोजेक्टच्या क्लिप जिथे दिसतात त्या भागाच्या) वरच्या कोपऱ्यात तीन ठिपके आहेत, तिथे ‘शो पॉवर बिन्स’ चालू केलं की खाली वेगळा कप्पा दिसतो. त्यात टाकलेली गोष्ट त्या प्रोजेक्ट लायब्ररीतल्या (प्रोजेक्ट जिथे साठतात त्या डेटाबेसमधल्या) सगळ्या प्रोजेक्टमध्ये हजर. फुकट आवृत्तीतही मिळतं. क्लिप, आवाज, लोगोचं पीएनजी हे तर चालतंच, पण टाइमलाइनवर सजवलेलं टेक्स्ट प्लस (रिझॉल्व्हमधलं अक्षरं सजवायचं साधन) वापरून केलेलं टायटल किंवा अ‍ॅडजस्टमेंट क्लिप (खालच्या सगळ्या क्लिपवर एकदम परिणाम करणारी) हीसुद्धा ओढून ठेवता येते. माझ्यासाठी खरी सोय ही.

मात्र पॉवर बिनमधल्या सगळ्या वस्तू एकसारख्या वागत नाहीत, आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. लोगो किंवा आवाज म्हणजे डिस्कवरच्या फाइलचा फक्त पत्ता. त्याच नावाने, त्याच जागी नवी फाइल ठेवली की ती जिथे जिथे वापरली आहे तिथे नवीच येते, मागच्या वर्षीचं प्रोजेक्ट उघडलं तरी. फोन नंबर बदलला तेव्हा हे वरदान वाटलं. पण मंडळाच्या लोगोत ‘वर्ष १२५ वे’ असं लिहिलेलं असेल तर तो असा बदलून चालणार नाही, जुन्या व्हिडिओतही नवं वर्ष झळकेल. तिथे दर वर्षी वेगळ्या नावाची फाइलच हवी. टायटलचं बरोब्बर उलटं. ते टाइमलाइनवर ओढलं की त्याची स्वतंत्र प्रत होते. नंतर बिनमधल्या टायटलचा रंग बदला, आधी लावलेल्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. मानाचे पाच गणपती, कसबा ते केसरीवाडा, एकाच व्हिडिओत घेतले आणि शेवटी कुणी म्हणालं की पट्टी केशरी करा, तर पाचही ठिकाणी हाताने बदलायचं. त्यामुळे काय ठेवायचं यापेक्षा ते पुढे बदलणार आहे का, हे मी आधी बघतो.

टायटल नेहमीचंच असेल तर त्याचा मॅक्रो, म्हणजे मोजकीच बटणं बाहेर दिसणारा तयार साचा, केलेला जास्त बरा. रिझॉल्व्हच्या फ्यूजन (इफेक्ट आणि ग्राफिक्सच्या) पानावर टायटलचे नोड, म्हणजे त्याचे जोडलेले भाग, निवडून, राइट क्लिक करून मॅक्रो तयार करायचा आणि बाहेर कोणती बटणं दाखवायची तेवढीच टिक करायची. मी मजकूर, आकार आणि रंग ठेवतो, बाकी सगळं बंद. हाताखालच्या मुलाला तीसच्या तीस स्लायडर दिसले तर तो ते हलवणारच! मॅक्रोची ही सेटिंग फाइल टेम्प्लेट्सच्या टायटल्स फोल्डरमध्ये गेली की इफेक्ट्सच्या यादीत नेहमीच्या टायटलसारखी दिसते, आणि दुसऱ्या मशीनवर नेणंही सोपं. फॉन्ट मात्र तिच्याबरोबर जात नाही, तो तिथे वेगळा टाकावा लागतो. मी ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरतो, कारण त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पत्रिकेत एक ल आणि व्हिडिओत दुसरा, हे सदाशिव पेठेतल्या आजोबांच्या नजरेतून सुटत नाही.

रंगांसाठी गॅलरीत पॉवरग्रेड (जपून ठेवलेल्या रंगांच्या सेटिंगचा) अल्बम आहे, तोही सगळ्या प्रोजेक्टमध्ये दिसतो. साध्या स्टिलचा (जपलेल्या फ्रेमचा) अल्बम तसा दिसत नाही, हे लक्षात असू द्या. पण कलर पुन्हा वापरण्याचं कौतुक मला पटलेलं नाही. एका कार्यालयात जांभळे एलईडी, दुसऱ्यात पिवळे झुंबर, तिसऱ्यात खिडकीतून दुपारचं ऊन. एकाचा ग्रेड (रंगांची सेटिंग) दुसऱ्यावर टाकला की हळद लावलेली नवरी कावीळ झाल्यासारखी दिसते. कॅमेऱ्याचं लॉग फुटेज (फिकट रंगांत चित्रित होणारं) सरळ करण्यापुरता पॉवरग्रेड ठेवतो, पुढचं दर वेळी नव्याने.

आता जपायच्या गोष्टी. पॉवर बिन प्रोजेक्टमध्ये नसतं, लायब्ररीत असतं. डीआरपी (एका प्रोजेक्टची) फाइल काढून मित्राला दिली तर बिन त्याच्याकडे जात नाही, आणि नवी लायब्ररी उघडली तर कप्पा रिकामा. म्हणून बॅकअप प्रोजेक्टचा नाही, प्रोजेक्ट मॅनेजरमधून पूर्ण लायब्ररीचा घ्यायचा. त्यातही मूळ मीडिया येत नाही, तो फोल्डर वेगळा कॉपी करावा लागतो. विंडोजवर बाहेरच्या एसएसडीचं अक्षर ई वरून एफ झालं की सगळी सनई, सगळे लोगो ‘मीडिया ऑफलाइन’. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या एसएसडीला एक अक्षर कायमचं देऊन टाका. इंग्रजी वर्णमालेच्या शेवटचं दिलंत तर दुसरा पेनड्राइव्ह ते सहसा पटकावत नाही.